लाकडी मोटारबोटीची दुरुस्ती बडोद्यात: मकरपुऱ्यातील एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

खंभातचे आखात फार दूर नसले तरी बडोद्याला बंदर नाही, आणि त्यामुळे या शहरात जुन्या लाकडी मोटारबोटीची शास्त्रशुद्ध दुरुस्ती होते हे सांगितले तर ऐकणारा आधी संशयानेच पाहतो. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मात्र असे काम करणारी एक लहान कार्यशाळा आहे. एरवी तेथे जुने फर्निचर आणि वाड्यांचे दरवाजे दुरुस्त होतात. बोटीचे काम क्वचितच येते. कार्यशाळेला पाटी नाही आणि मालक नवी कामे ओळखीतूनच घेतात, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. आमच्या कुटुंबाची सुमारे 18 फूट लांबीची सागवानी लाँच त्यांनी पुन्हा पाण्यावर आणली, आणि आता त्या कामावरून एक पूर्ण पावसाळा व एक कडक उन्हाळा गेलेला आहे. लाकडी बोटीच्या कामाविषयी बोलायला एवढा काळ जावाच लागतो, कारण ताब्यात घेतल्या दिवशी प्रत्येक बोट सुंदरच दिसते.

प्रथम मालकांनी ज्या कामाला नकार दिला त्याविषयी. दुसऱ्या एका गावातील कारागिराने आम्हांला संपूर्ण तळावर फायबरग्लास चढवून घेण्याचा सल्ला दिला होता. गळती थांबेल, खर्च कमी येईल आणि पुन्हा पाहावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. मकरपुऱ्याच्या मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फायबर चढवायचेच असेल तर ते काम माझ्याकडे देऊ नका." कारण त्यांनी नीट समजावून सांगितले. कडेला कड लावून बसवलेल्या फळ्यांची बोट पाण्यात फुगते आणि कोरड्यात आकसते. तिच्यावर चढवलेला ताठ थर ही हालचाल फार काळ सोसू शकत नाही, कुठेतरी सुटतो, आणि एकदा त्याच्यामागे पाणी शिरले की ते बाहेर पडायला वाट राहत नाही. मग लाकूड आतून कुजत जाते आणि बाहेरून तळ गुळगुळीतच दिसत राहतो. स्वस्त आणि लवकर होणारे काम हातचे सोडून गिऱ्हाइकाला लांबचा मार्ग सांगणारा व्यावसायिक आजकाल विरळा, आणि या कार्यशाळेविषयी माझे मत बनायला तेथूनच सुरुवात झाली.

अंदाजपत्रक देण्यापूर्वी त्यांनी बोट उलटी करून तपासली. कार्यशाळेच्या मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने फळी फळी ठोकून आवाज ऐकला, जेथे आवाज बद्द आला तेथे आरी टोचून पाहिली आणि मीटरने ओल मोजून खडूने खुणा केल्या. कुजण्याला कारणीभूत होणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण 20 टक्क्यांहून अधिक ओल लागते, आणि ही ओल बहुधा तळ्याच्या पाण्यातून येत नाही; ती पावसाच्या पाण्यातून येते. समुद्राचे खारे पाणी लाकूड काही अंशी टिकवते, तर ताडपत्रीच्या फटीतून ठिबकून कोपऱ्यात साचलेले गोडे पाणी त्याचा घात करते. आमच्या बोटीतही पठाण, म्हणजे तळाचा मुख्य वासा, ठणठणीत निघाला आणि खराबी मागच्या बाजूला, वरच्या पाटाखालच्या अशा कोपऱ्यात निघाली की जेथे वारा पोहोचत नव्हता. तेवढ्याच फळ्या बदलल्या गेल्या. नव्या फळ्यांना डांगचा सागवान वापरला, आणि दोन बरगड्यांसाठी, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या वाकड्या वाशांसाठी, बाभळीचे असे तुकडे निवडले की ज्यांचे नैसर्गिक वाकण बरगडीच्या वाकणाशी जुळत होते. बाभळीची ही निवड मिस्त्रींची. ते कच्छमधील मांडवीचे आहेत, जेथे रुक्मावती नदीच्या काठी आजही मोठी लाकडी जहाजे बांधली जातात, आणि बरगड्यांना बाभूळ वापरण्याची पद्धत तिकडचीच आहे.

या कामातील सर्वांत मोलाचा भाग कोणाला दिसणार नाही असा आहे, आणि तो म्हणजे फळ्या धरून ठेवणारे खिळे व स्क्रू. मूळ बांधणीतील तांब्याचे रिव्हेट, म्हणजे टोक ठोकून पसरवलेले खिळे, जवळजवळ सर्व शाबूत होते. मधल्या काळात कोणीतरी केलेल्या दुरुस्तीत मात्र पितळी स्क्रू घातलेले होते. मिस्त्रींनी त्यांतला एक काढून माझ्या हातावर ठेवला: डोके पिवळे, पण पाण्याखाली राहिलेला दांडा गुलाबीसर, आणि बोटांनी दाबताच तो खडूसारखा तुटला. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. सतत ओल्या लाकडात राहिल्यावर त्यातील जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ताकद नसलेले तांबे उरते. स्टेनलेस स्टील वापरावे असे वाटणे साहजिक आहे, पण त्याच्यावरचा संरक्षक थर टिकायला प्राणवायू लागतो, आणि ओल्या लाकडात घट्ट बसलेल्या स्क्रूला तो मिळत नसल्यामुळे पोलादही आतून खचते. म्हणून पाण्याखालच्या सर्व जागी सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू घातले गेले, ज्यांत सुमारे 96 टक्के तांबे आणि 3 टक्के सिलिकॉन असते. ते बडोद्यात मिळाले नाहीत, मुंबईहून मागवावे लागले आणि महागही पडले. तरीही ज्यांना हा खर्च अनाठायी वाटतो त्यांनी तो तुटलेला स्क्रू एकदा पाहायला हवा.

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सागवानाचे छोटे बूच बसवलेले आहे. बुचाची रेषा फळीच्या रेषेला समांतर आहे, त्यामुळे वार्निशखाली ते शोधावे लागते. शिवाय ही बुचे गोंदाने किंवा इपॉक्सीने न चिकटवता वार्निशमध्ये बुडवून बसवलेली आहेत, म्हणजे पुढेमागे स्क्रू बदलायची वेळ आली तर फळी न फोडता बूच काढता येईल. पंचवीस वर्षांनी या बोटीवर काम करणाऱ्या अनोळखी कारागिराचा विचार या माणसांनी आज केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

सांध्यांच्या बाबतीत बडोद्याच्या हवेचा विचार करणे भाग होते. एप्रिल-मे मध्ये येथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जुलैत तीच हवा दमट होऊन कपडे वाळत नाहीत. ट्रेलरवर ठेवलेल्या बोटीच्या फळ्या उन्हाळ्यात आकसतात, फटी उघडतात, आणि नेमक्या त्याच वेळी अननुभवी माणूस त्या फटींत टणक लांबी, म्हणजे फटी बुजवण्याचा लगदा, भरतो. पुढे बोट पाण्यात गेली की फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही, आणि त्यांचा जोर बरगड्यांवर व रिव्हेटांवर येऊन त्याच तुटतात. येथे सांधे साफ करून त्यांत कापसाची वळी बेताने ठोसली, त्यावर प्रायमर दिला आणि कायम मऊ राहणारी लांबी भरली. सुपूर्द करण्यापूर्वी बोट पट्ट्यांवर टांगून पाण्यात सोडली आणि पंप लावून फळ्या फुगू दिल्या. पहिल्या रात्री पाणी भरपूर आले, दुसऱ्या दिवशी कमी झाले, आणि त्यानंतर स्पंजने टिपण्याइतकेच राहिले. लाकडी बोटीच्या बाबतीत हे अपेक्षितच असते आणि मालकांनी ते आधी बजावून ठेवले होते.

वार्निशविषयी लिहायला हवे, कारण पाहणारे सर्व जण त्याचीच स्तुती करतात. बडोद्याजवळच संखेडा असल्यामुळे "लाखेचे पॉलिश का करून घेत नाही?" असे आम्हांला अनेकांनी विचारले. संखेड्याची कला घरातल्या झोपाळ्याला आणि पाळण्याला शोभते. लाख मात्र पाण्याने पांढरी पडते आणि उन्हात टिकत नाही. दोन घटक मिसळून लावायचे पॉलियुरेथेन टणक असते, पण हलणाऱ्या सांध्यांवर ते तडकते. म्हणून टंग तेल आणि फिनॉलिक रेझिन यांवर आधारलेले, अतिनील किरणांना अडवणारे स्पार वार्निश निवडले. पहिला हात निम्मे थिनर घालून, म्हणजे तो लाकडात मुरावा, दुसरा त्याहून घट्ट, आणि पुढचे जवळजवळ विनाथिनर, अशा रीतीने आठ हात दिले गेले. प्रत्येक दोन हातांच्या मध्ये 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासणी झाली. हे काम त्यांनी मुद्दाम डिसेंबरपर्यंत लांबवले, कारण पावसाळ्यात वार्निशवर धूसरपणा येतो आणि मे महिन्यात ब्रशची रेघ सपाट होण्याआधीच ते सुकू लागते. परिणाम असा की तळ्याच्या काठचे झाड बोटीच्या कडेत स्पष्ट दिसते. एका उन्हाळ्यानंतर वरच्या पाटावरची चमक थोडी उतरली आहे, कडा मात्र तशाच आहेत.

इंजिन इंग्लंडमधील हेन्ली-ऑन-थेम्स येथील स्टुअर्ट टर्नर कंपनीचे, दोन सिलिंडरचे, 8 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आहे. त्याचे काम कार्यशाळेने स्वतः न करता ओळखीच्या मेकॅनिककडे दिले आणि ते समाधानकारक झाले. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुने रबर खाते आणि हवेतील ओल ओढून घेते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या बदलल्या आणि बोट उभी करताना टाकी रिकामी ठेवण्याची सक्त सूचना मिळाली. इंजिन व शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा) यांची एक रेष मात्र कार्यशाळेनेच जुळवली, आणि तीही बोट पाण्यात पूर्ण फुगल्यानंतर, कारण जमिनीवर जुळवलेली रेष पाण्यात बदलते. 100 मिलिमीटर व्यासाच्या फ्लँजमध्ये, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या चकतीत, 0.1 मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही, हे फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी, माझ्यासमोर मोजून दाखवले. शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तेथे पाणी अडवणाऱ्या जोडातून, चालू बोटीत अधूनमधून एखादा थेंब पडू द्यायचा असतो. तो पूर्ण बंद करण्यासाठी ग्लँड आवळली तर शाफ्टवर चरे पडतात.

आता तक्रारी. विजेचे काम या कार्यशाळेच्या इतर कामाच्या पातळीला पोहोचत नाही. त्यांनी घरगुती वापराची एकेरी तार वापरली आणि जोड पिळून टेप गुंडाळली. इंजिनाच्या थरथरीने अशी तार मोडते आणि ओलीमुळे जोड हिरवे पडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून ती तळाशी साचते, त्यामुळे तेथे एक ठिणगीदेखील परवडणारी नाही. हे सर्व काम आम्ही दुसरीकडून, कल्हई केलेल्या बहुतारी केबलने आणि दाबून बसवलेल्या टर्मिनलने, पुन्हा करून घेतले. दुसरी उणीव नोंदींची. कोणती फळी कोठून बदलली, कोणते वार्निश किती हात दिले, यांचा लेखी कागद मागूनही मिळायला फार उशीर लागला, आणि कामाची छायाचित्रे आम्ही काढली तेवढीच आहेत. आसनाखालच्या पाट्यांना आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेले मरीन प्लायवूड वापरले हे योग्यच, परंतु कापलेल्या कडांपैकी काहींना इपॉक्सी लावायचे राहून गेले होते. सांगितल्यावर ते त्यांनी विनामूल्य केले.

सुरक्षेच्या बाबतीत मालक जराही ढिलाई करत नाहीत. 18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात बोट उलटून शाळेची 12 मुले आणि 2 शिक्षिका यांचा मृत्यू झाला. ते दुःख या शहराच्या मनातून गेलेले नाही आणि जाऊही नये. किती माणसे बसतील हा आकडा त्यांनी बोटीत ठळक दिसेल असा रंगवला, वाफ बाहेर फेकणारा पंखा, अग्निशामक आणि प्रत्येक आसनामागे जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय बोट ताब्यात देणार नाही असे सांगितले, आणि 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली लागणारी तपासणी व नोंदणी यांची आठवणही करून दिली. आमची बोट एका परिचितांच्या शेतातील मोठ्या तळ्यावर, त्यांच्या परवानगीने, फक्त घरच्या मंडळींसाठी चालते.

बिल मालाची प्रत्यक्ष किंमत आणि रोजंदारी असे वेगवेगळे येते. आमचा अंतिम खर्च अंदाजापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. फळी उघडल्याशिवाय आतले कळत नाही, ही त्यामागची अडचण खरी आहे, पण वाढीव कामाची सूचना आधी मिळाली असती तर बरे झाले असते. ठरलेल्या वेळेपेक्षा काम बरेच लांबले, त्यातला मोठा भाग पावसाळ्यात वार्निश थांबवल्यामुळे होता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वार्षिक देखभालीचा करार ते वेगळा करतात: दिवाळीनंतर वार्निशला दोन हात, सांध्यांची व ग्लँडची पाहणी, आणि पावसाळ्यापूर्वी बोट अशा रीतीने झाकणे की पाणी आत येणार नाही पण वारा खेळता राहील. तो आम्ही केला आहे. ज्यांना आपल्या बोटीचे काम यांच्याकडे द्यायचे आहे त्यांनी बोट जूनपूर्वी नेऊन दाखवावी, विजेच्या कामासाठी दुसरा माणूस आधीच ठरवावा, आणि बदललेल्या प्रत्येक फळीची नोंद काम चालू असतानाच लिहून घ्यावी.