मसाई गावाची भेट : सहल उत्तम, जाहिरात चुकीची

पणजीतील एका पर्यटन कंपनीच्या केनिया सहलीत मसाई मारा अभयारण्यालगतच्या मसाई जमातीच्या एका गावाची भेट असते आणि माहितीपत्रकात तिचे वर्णन ‘योद्ध्यांचा दीक्षाविधी प्रत्यक्ष पाहा’ असे केलेले आहे. वाहन, मुक्काम आणि जेवण यांबाबत माझी काहीही तक्रार नाही. शाकाहारी मंडळींचीही आबाळ झाली नाही आणि पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी घेण्याची आठवणही कंपनीने वेळेवर करून दिली. ते वर्णन मात्र तिने बदललेच पाहिजे.

आम्हाला दाखवले गेले ते आदुमू, म्हणजे तरुणांचे उड्यांचे नृत्य. लाल शुका पांघरलेला तरुण वर्तुळात येतो, अंग ताठ ठेवून उसळतो आणि टाच जमिनीला न टेकवता पुन्हा उसळतो. हे देखणे आहे, पण हा दीक्षाविधी नव्हे. आमचा मसाई वाटाड्या विचारताच हातचे काही न राखता बोलला. एन्किपाता हा सुंतेपूर्वीचा विधी. सुंतेच्या वेळी मुलाने पापणीही लववायची नसते, कारण त्याच्या धैर्यावर घराण्याची अब्रू अवलंबून असते. मग तो मोरान, म्हणजे योद्धा होतो, आणि पुढे एउनोतो या विधीत त्याचे वर्षानुवर्षे वाढवलेले, गेरूने माखलेले केस त्याची आई वस्तऱ्याने उतरवते. ओल्न्गेशेर या शेवटच्या विधीनंतर तो ज्येष्ठांत गणला जातो. युनेस्कोने २०१८ मध्ये हे तीन विधी तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतले. आपल्याकडे मुंज एका घरची असते. तिथे अख्खा वयोगट एकत्र पुढे सरकतो, तोही अनेक वर्षांच्या अंतराने, त्यामुळे पाहुण्यांच्या वेळापत्रकात हे बसणे शक्यच नाही.

मुलींविषयी विचारल्यावरही त्याने विषय टाळला नाही. मुलींची सुंता केनियात २०११ च्या कायद्याने गुन्हा ठरली आहे आणि काही ठिकाणी कोणतीही इजा न करता मुलींना आशीर्वाद देण्याचे पर्यायी सोहळे होतात, हे त्याने सांगितले. माझ्या मते संपूर्ण भेटीत सर्वांत मोलाचे हेच होते, आणि नेमका त्यालाच वेळ अपुरा पडला, कारण बराचसा वेळ मण्यांच्या दागिन्यांच्या खरेदीत गेला. बायकांचे ते काम सुबक आहे, दागिने जरूर घ्यावेत.

गोव्यातील कितीतरी घरांतली माणसे पूर्वी नोकरीसाठी केनियात होती, त्यामुळे इथल्या ग्राहकाला या देशाविषयी खरी माहिती हवी असते. कंपनीने वाटाड्याशी गप्पांसाठी किमान तासभर राखून ठेवला आणि माहितीपत्रकात ‘नृत्य’ असे स्पष्ट लिहिले, तर ही सहल मी निःसंकोच सुचवीन.