पीसीबी १३२ दाबसंवेदक : हायपरसॉनिक सीमास्तरातील तरंग मोजण्यासाठी

मुळात धक्कालहर कोणत्या क्षणी येऊन पोहोचली, एवढेच टिपण्यासाठी बनवलेला पीसीबी पीझोट्रॉनिक्स कंपनीचा हा पीझोइलेक्ट्रिक (दाब पडताच विद्युतसंकेत देणारा) संवेदक आज पर्ड्यू विद्यापीठाच्या माख ६ (ध्वनीच्या सहापट वेगाच्या) शांत, म्हणजे स्वतःचा गोंगाट अगदी कमी असलेल्या, वातबोगद्यासह अनेक ठिकाणी सीमास्तरातील, म्हणजे पृष्ठभागाला लागून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरातील, मॅक या संशोधकाने वर्णिलेल्या ‘दुसऱ्या प्रकारच्या’ अस्थिरता-तरंगांसाठी (वाढत जाऊन प्रवाह खळबळता करणाऱ्या तरंगांसाठी) वापरला जातो, आणि ती निवड मला योग्य वाटते. पृष्ठभागालगत अडकून राहणाऱ्या या ध्वनिसदृश तरंगांची लांबी सीमास्तराच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते. त्यामुळे जाडी १ मिमी असेल, तर वारंवारता काही शे किलोहर्ट्झपर्यंत जाते. संवेदकाची स्वतःची अनुनाद-वारंवारता (ज्या वारंवारतेला तो स्वतःच थरथरू लागतो ती) १ मेगाहर्ट्झच्या वर असल्याने तेथे तो कमी पडत नाही.

त्याचे खरे मोल पृष्ठभागाचा आकार बदलतो तेथे कळते. चाचणीच्या सरळ शंकूवर टोकाकडून मागे जाताना सीमास्तर जाड होत जातो आणि तरंगांची वारंवारता उतरत जाते. बाहेरच्या बाजूस वळत जाणाऱ्या शंकूवर मात्र जाडी जवळपास स्थिर राहते, एकाच वारंवारतेचा तरंग दूरवर अधिकाधिक तीव्र होत राहतो, आणि ओळीने बसवलेल्या संवेदकांत ती वाढ स्पष्ट दिसते.

उणिवा गंभीर आहेत. ३.१८ मिमी व्यासाचे सपाट तोंड वक्र पृष्ठभागाशी पूर्णपणे समतल बसत नाही, संवेदी भागावर तरंगाची सरासरी होऊन आयाम (तरंगाची उंची) कमी दिसतो, आणि ११ किलोहर्ट्झखालील मंद हालचाली, उदाहरणार्थ कोपऱ्यातील विलग (पृष्ठभागापासून सुटलेल्या) प्रवाहाची डोलणी, याला दिसत नाहीत. वारंवारतेसाठी मी तो निःशंकपणे सुचवीन. आयामासाठी स्वतंत्र अंशांकनाशिवाय (ज्ञात दाबाशी ताडून पाहिल्याशिवाय) नाही.