मॉन्चिची: फरचं अंग, विनाइलचा चेहरा आणि मधली कड

फरचं अंग आणि प्लॅस्टिकचा चेहरा या जातीतलं एकच खेळणं जवळ ठेवायचं असेल, तर मी मॉन्चिची ठेवेन. जपानच्या सेकिगुची कंपनीने १९७४ साली हे माकडाचं पिल्लू आणलं आणि ते आजही बनतं. माझ्याकडे एक जुनं आहे आणि एक अलीकडचं. जुन्याचे उसवलेले टाके मीच घातले आहेत, त्यामुळे ते आतूनही पाहून झालंय.

आधी चेहरा. तो आणि हातपायांचे तळवे विनाइल नावाच्या मऊ केलेल्या प्लॅस्टिकचे, बाकी अंग तपकिरी फरचं. गालांवर बारीक ठिपके, ओठ किंचित उघडे, आणि हाताचा अंगठा त्या तोंडात नेमका बसतो. लहान मूल अंगठा चोखतं तसा. यासाठी अंगठ्याची जाडी आणि तोंडाचं भोक नेमकं जुळावं लागतं, आणि ते साच्यातूनच जमतं. शिवलेला चेहरा दर नगाला थोडा वेगळा येतो; भरताना चिमूटभर कापूस जास्त झाला तरी भाव बदलतो. सेकिगुचीची सुरुवात १९१८ मध्ये सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकपासून झाली. साच्यातून चेहरा घडवण्याचा तो मुरलेला हात इथे ठळक दिसतो.

फर आणि प्लॅस्टिकची ही जोडी त्याआधीपासूनची. टेडी बेअरला सुरुवातीला बुटांच्या बटणांचे डोळे असत, मग तारेवरचे काचेचे आले. मुलं ते उपटून तोंडात घालायची. १९४८ मध्ये ब्रिटनच्या वेंडी बॉस्टन यांनी आतून स्क्रूने आवळलेला प्लॅस्टिकचा डोळा आणला आणि १९५४ मध्ये यंत्रात धुता येईल असं अस्वलही. म्हणजे इथे प्लॅस्टिक आलं ते मुलांच्या सुरक्षिततेसाठी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत अटलांटाच्या रश्टन कंपनीने अख्खा चेहराच साच्यातून काढून फरच्या अंगाला जोडला. संग्राहक या खेळण्यांना ‘रबर फेस’ म्हणतात, चेहरा विनाइलचा असला तरी. देखणी आहेत, पण त्यांचं हसू सतत समोरच्याला हसायला लावू पाहतं. मॉन्चिची नुसतं बघत राहतं. खेळायला तेच बरं, कारण त्याला काय वाटतंय ते मूल ठरवतं.

१९८५ च्या टेडी रक्स्पिन या बोलक्या अस्वलात प्लॅस्टिक पोटापर्यंत गेलं: कॅसेट, मोटर, हलणारे डोळे आणि तोंड. १९९८ मध्ये फर्बी हे फरचं बोलकं यांत्रिक खेळणं आलं. दोन्ही विलक्षण, पण मोटर थांबली की त्यांचा अर्धा जीव जातो. मॉन्चिचीमध्ये थांबण्यासारखं काही नाहीच.

झिजतं ते साहित्य. विनाइल मुळात कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. मग चेहरा चिकट होतो, त्यावर धूळ धरते, लागून असलेली फर चिपकते. पुढे विनाइल कडक होतं, आक्रसतं. फर ताणली जाते, विनाइल ताणलं जात नाही. सगळी ओढ टाक्यांच्या भोकांवर येते. म्हणून जुनं मॉन्चिची घेताना कपडे, लेबल, डोळ्यांचा रंग नंतर बघा. आधी चेहऱ्याभोवतीची कड बोटाने चाचपा, मग मनगटं. भोकं लांबट झाली असतील तर ते सोडून द्या. फक्त दोरा तुटला असेल तर जरूर घ्या. वाकड्या सुईने जुन्याच भोकांतून शिवायचं. नवीन भोकं पाडली तर विनाइल त्या रेषेवर फाटतं.

माझं जुनं विकणाऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवलं होतं, चेहरा चांगलाच चिकट झाला होता. सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने तो पुष्कळ सुधारला. स्पिरिट लावू नका, गालांचा रंग निघून येतो. पाण्यात बुडवू नका, आत शिरलेली ओल लवकर वाळत नाही.

जुनं की नवं? नव्याची फर दाट आहे, चेहरा लवचीक. त्याचे डोळे तपकिरी, माझ्या जुन्याचे निळे. मला निळे अधिक आवडतात. त्यांत चकित झाल्याचा भाव आहे, तपकिरी डोळे जास्त समजूतदार दिसतात. शोधायला निघालात तर लक्षात ठेवा, फ्रान्समध्ये हेच पिल्लू ‘किकी’ नावाने विकलं गेलं आणि अमेरिकेत १९८० पासून मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने आणलं.

मुलासाठी मात्र नवंच घ्या, याबाबत मी ठाम आहे. मऊपणासाठी वापरल्या जाणाऱ्या थॅलेट्स या जातीच्या काही प्लास्टिसायझरांवर युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये खेळण्यांसाठी कायद्याने बंधनं आणली. त्याआधीचं विनाइल चोखण्यासाठी देऊ नये. जुनं सुती कापडात सैल गुंडाळून, ऊन आणि उष्णतेपासून लांब ठेवावं, दुसऱ्या प्लॅस्टिकला टेकू न देता. प्लास्टिसायझर शेजारच्या कडक प्लॅस्टिकलाही खातो.