सायकलवर सोलापूर: हिप्परगा की नान्नज?

सोलापुरात आलेल्या पाहुण्यांना सायकलवर फिरवायचंय आणि हाताशी फक्त सकाळ असेल तर हिप्परगा. तुळजापूर रस्त्यानं आठेक किलोमीटरवर 1871 सालचा एकरुख तलाव आहे, त्यालाच हिप्परगा तलाव म्हणतात. हिवाळ्यात पाणपक्षी भरपूर, जाऊन-येऊन तीन तासांत घरी. खटकतो तो हायवे. ट्रकची वर्दळ असते, त्यामुळे उजाडताच निघा आणि मागचा लाल दिवा चालू ठेवा.

नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य मात्र खरं सोलापूर दाखवतं. बार्शी रस्त्यानं साधारण वीस किलोमीटर, मोकळं माळरान, काळविटांचे कळप आणि नशीब असेल तर लांडगा. माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका, तो आता दुर्मीळ झालाय. कुरणात सायकल घालायची नाही. वनविभागाची परवानगी घेऊन पायी फिरायचं.

इथं घात करतो बाभळीचा काटा. पंक्चर झालं की नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायर आतून बोटांनी हळू चाचपा, रुतलेलं टोक काढा, मगच नवी ट्यूब घाला; नाहीतर पुढच्या किलोमीटरला पुन्हा हवा जाते. सोबत दोन ट्यूब, पंप आणि माणशी तीन लिटर पाणी हवंच. पावसानंतर कच्च्या वाटेला जाऊ नका, काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होतं.

मुलं बरोबर असतील तर दोन्हीकडे गाडीनंच जा. एप्रिल-मेमध्ये नान्नज नकोच.