बर्धन की जांबुवंतराव: मनपात उभं राहायचंय तर कोणाचा रस्ता धरायचा?

तिकीट मिळो न मिळो, मनपाला उभं राहायचंच असं ठरवून बसलेल्या पुरोगामी पोरापोरींसाठी लिहितोय. नागपुरात शिकायला दोन मोठे नमुने आहेत, कॉम्रेड ए. बी. बर्धन आणि जांबुवंतराव धोटे. दोघंही सत्तेशी भांडूनच मोठे झाले पण घडण पार वेगळी.

बर्धन जन्मानं बंगाली, पोरवयात नागपुरात आले अन् इथलेच झाले. आधी विद्यार्थी चळवळ, नागपूर विद्यापीठात विद्यार्थी संघाचं अध्यक्षपद, मग गिरणी कामगार, वीज कर्मचारी असं करत करत युनियन, आणि १९५७ ला अपक्ष म्हणून थेट विधानसभेत (नागपूर तेव्हा मुंबई राज्यात होतं). जांबुवंतराव यवतमाळचे, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारा माणूस, सभेत उभा राहिला की मैदान पेटायचं. विधानसभेत पेपरवेट भिरकावला, आमदारकी गेली, लोकांनी परत निवडून दिलं! अकोल्याच्या कृषी विद्यापीठासाठीचं आंदोलन त्यांनी रस्त्यावर नेलं, १९६९ ला विद्यापीठ झालंच.

आता मतांचं बघा. नागपूर लोकसभा जांबुवंतरावांनी १९७१ ला फॉरवर्ड ब्लॉककडून आणि १९८० ला काँग्रेसकडून जिंकली. बर्धन तिथं १९६७ ला पण पडले, १९८० ला पण. म्हणजे फक्त निकाल बघायचा असेल तर विषयच संपला.

पण नगरसेवकाचं रोजचं काम काय असतं भाऊ? गडर लाइन चोकअप झाली, झोन ऑफिसात अर्ज दिला, आवक नंबर घेतला का, ज्युनिअर इंजिनीअर साइटवर आला का, एस्टिमेट निघालं का, स्थायी समितीत विषय लागला का, नाही लागला तर कोणी अडवला, हे सगळं पाठपुराव्याचं काम आहे आणि युनियनवाल्याला त्याची सवय असते. एका माणसाची अडकलेली ग्रॅच्युइटी सोडवायला तो लेबर कोर्टाच्या चकरा मारतो, मालकाचा कागद स्वतः वाचतो. भाषणानं गडर उघडत नाही ना राजेहो.

दुसरं, हरल्यावर काय? बर्धन पडले तरी युनियन होतीच, पुढं आयटकचे (कामगार संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ) अन् १९९६ ते २०१२ भाकपचे, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, सरचिटणीस झाले, पक्ष एकच. जांबुवंतरावांनी पक्ष बदलले, शेवटी स्वतःची विदर्भ जनता काँग्रेस काढली. वेगळ्या विदर्भ राज्याचा मुद्दा मात्र सोडला नाही, हे मान्य करावंच लागतं.

माझं मत बर्धन. फक्त १९५७ सारखं अपक्ष उभं राहायचा नाद नको, २०१७ ला १५१ जागा अन् ३८ प्रभाग होते, म्हणजे एक सोडून प्रत्येक प्रभागात चार-चार नगरसेवक, पॅनलशिवाय (सोबत लढणारे उमेदवार) एवढा एरिया पायी फिरून होत नाही. बाकी खर्चाचं गणित तुमचं तुम्ही बसवा, त्यात ना बर्धन कामी येत ना जांबुवंतराव.