जळगावातली भाड्याची ट्रेडिंग रूम: स्क्रीन चालू, नेट बंद

रिंगरोडवरच्या एका इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, शेअर-कमोडिटीचे सौदे करणाऱ्या ट्रेडरसाठी आठ टेबलांची ही रूम महिन्याच्या भाड्याने मिळते. टेबलागणिक दोन मॉनिटर, एसी आणि हायस्पीड नेट, एवढं जाहिरातीत आहे. ट्रेडरने बघायचं ते वेगळंच असतं: सव्वानऊला बाजार उघडताना आणि तीननंतर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचे, सौदे मिटवताना यातलं नेमकं काय दगा देईल.

आधी विजेचं. प्रत्येक टेबलाखाली 600 व्हीएचा यूपीएस आहे. 600 व्हीए म्हणजे साधारण 360 वॅट. डेस्कटॉप दीडशेच्या आसपास, 24 इंची दोन मॉनिटर मिळून पन्नास-साठ. बॅटरी धड असेल तर सौदा मिटवण्यापुरती मिनिटं आरामात मिळतात. पण आपल्याकडच्या उन्हात बॅटरी लवकर बसते, म्हणून टेबल घेताना बॅटरीवरची तारीख बघावी आणि मालकासमोरच मेन स्विच पाडून दाखवायला सांगावं. हे केलं की इथली खरी खोट लगेच कळते. फायबरचा डबा आणि राउटर भिंतीतल्या साध्या प्लगवर आहेत. वीज गेली की सोळाच्या सोळा स्क्रीन उजळलेल्या आणि भाव जागच्या जागी थिजलेले! वीज आल्यावरही राउटर सुरू होऊन लाइन पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शन कराराची मुदत संपण्याच्या, दुपारी तेवढ्यात त्याचा भाव निम्मा होऊ शकतो. डबा आणि राउटर मिळून पंचवीस-तीस वॅटही खात नाहीत. त्यांना यूपीएसवर घेणं हे एका एक्स्टेन्शन बोर्डाचं काम, आणि तेच राहिलंय.

नेटच्या दोन लाइन आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. ऐकायला छान. खिडकीतून खाली पाहिलं तर दोन्ही केबल एकाच खांबावरून येतात. रस्ता खोदताना किंवा फांदी पडून तुटल्या तर दोन्ही बरोबरच तुटणार. दुसरी लाइन सिमकार्डच्या राउटरची हवी होती. एपीआयने, म्हणजे स्वतःच्या प्रोग्राममधून थेट ब्रोकरकडे, ऑर्डर टाकणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावं: स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, स्वतंत्र मिळेल का? पहिली लाइन पडून दुसरीवर गेलं की आयपी बदलतो, आणि तो ब्रोकरकडे नोंदवलेला नसेल तर ऑर्डर नाकारली जाते. नेट कसंही असो, स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठराविक मर्यादेला थांबवणारी ऑर्डर, आधीच एक्स्चेंजवर लावलेला असावा आणि ब्रोकरचा फोनवरून सौदे घेणारा नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असावा.

जमेची बाजू मात्र खरी आहे. टेबलं पाच फुटी आहेत. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवलेत, त्यामुळे पश्चिमेचं ऊन बाजार बंद व्हायच्या वेळी स्क्रीनवर येत नाही. जागेचा विचार केलेल्या माणसाचं हे काम. वायफायच्या भरवशावर न ठेवता प्रत्येक टेबलाला लॅनची वायर दिलीय. बातम्यांचा टीव्ही आहे, पण आवाज बंद. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मालक कोणाला 'कॉल', म्हणजे काय घ्या-विका याचा सल्ला, देत नाही आणि दुसऱ्याचं खातं चालवत नाही. ज्या रूममध्ये फुकट टिप मिळते किंवा चिठ्ठीवर डब्बा, म्हणजे एक्स्चेंजबाहेरचे सौदे, चालतो, तिथे खुर्ची कितीही मऊ असली तरी बसू नये. डब्बा बेकायदा आहे, पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही.

गारव्याचा हिशेब चुकलाय. एसी दीड टनाचा, म्हणजे कागदावर सव्वापाच किलोवॅट. आठ माणसं आणि आठ कॉम्प्युटर यांचीच उष्णता अडीचच्या घरात जाते, वरून तापलेला स्लॅब. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की एसीची ताकदही घटते. जोडीला कूलर लावून भागत नाही: त्याला खिडकी उघडी लागते, मग एसी कशाला? स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग आणि आणखी एक टनाचा एसी, तोही कॉम्प्युटरपेक्षा वेगळ्या फेजवर, एवढं हवं. नाहीतर कॉम्प्रेसर चालू होताना व्होल्टेज पडतं आणि सगळे यूपीएस एकदम बीप वाजवतात. जेवायला बाहेरच्या खोलीत वेगळं टेबल आहे, ते बरं. शेवभाजीच्या तर्रीचा थेंब कीबोर्डवर पडला तर पुसून निघत नाही.

शेअर आणि निफ्टीवाल्यांनी राउटर यूपीएसवर घ्यायची अट घालून टेबल घ्यावं. सोनं-चांदी, क्रूडवाल्यांचं अवघड आहे. सोन्याच्या या गावात रूम रात्री नऊला बंद होते, आणि एमसीएक्स, म्हणजे सोनं-क्रूडचं एक्स्चेंज, साडेअकरापर्यंत, अमेरिकेची घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की अकरा पंचावन्नपर्यंत चालतं. अमेरिकेतल्या क्रूडच्या साठ्याचा बुधवारचा आकडा उन्हाळ्यात आठला येतो, हिवाळ्यात नऊला, म्हणजे बरोबर कुलूप लावायच्या वेळी. किल्ली हातात मिळत असेल तरच त्यांनी डिपॉझिट भरावं.