उंच बूट, ओला दगड आणि न सुटणारी नाडी

घोट्याच्या वर येणारे हे वॉटरप्रूफ बूट मी पावसाळ्याच्या तोंडावर सेलमध्ये घेतले. राजमाची आणि हरिश्चंद्रगडावर त्यांनी तक्रारीला जागा ठेवली नाही, आणि त्याच भरवशावर नोव्हेंबरमध्ये ते घालून मी जपानच्या कीई द्वीपकल्पात मंदिरे आणि जंगलवाटा चालायला गेलो.

सह्याद्रीत सकाळी बांधलेली नाडी संध्याकाळीच सोडायची असते. कोयासानला तसे नाही. नवव्या शतकात बौद्ध भिक्षू कूकाई यांनी वसवलेल्या या मंदिरनगरीत कोंगोबुजी या मुख्य मंदिराच्या दाराशी बूट उतरवायचे, शुकुबोच्या म्हणजे मंदिरातल्या मुक्कामाच्या उंबऱ्याशी पुन्हा उतरवायचे. आत मिळणाऱ्या सपाताही तातामीवर, म्हणजे तिथल्या गवती चटयांवर, चालत नाहीत. या बुटांचे वरचे हुक इतके अरुंद आहेत की भिजून फुगलेली गोल नाडी त्यांत रुतून बसते. मागे शिस्तीत थांबलेली मंडळी आणि पुढे एका पायावर तोल सावरत नखांनी गाठ उकलणारा मी, हा देखावा इतक्यांदा झाला की एक हुक ओढाताणीत वाकला. ओकुनोइन या दफनभूमीतली दोन किलोमीटरची वाट, तिथले प्रचंड सुगी (जपानी देवदार) वृक्ष आणि दोन लाखांहून अधिक समाध्या मी निवांत पाहू शकलो, कारण त्या वाटेवर बूट काढावे लागत नाहीत.

हे बूट जपानसाठी निरुपयोगी, असे मी ठरवूनच टाकले होते. कुमानो कोदो या जुन्या तीर्थमार्गांपैकी नाकाहेची वाटेने ते मत बदलायला लावले. ताकिजिरीहून होंगू देवस्थानापर्यंतच्या सुमारे ३८ किलोमीटरच्या या वाटेवर उघडी मुळे, शेवाळलेले दगड आणि ओला पाचोळा यांतून चालताना घोटा एकदाही मुरगळला नाही, मोजे कोरडे राहिले. (शरदातले लाल रंग इथे फारसे शोधू नयेत, सुगी आणि हिनोकी (जपानी सायप्रस) यांची ही दाट जंगले बारमाही हिरवी, आणि दुपार कलताच आत अंधारून येते. रंग पाहायचे तर कोयासानला, तेही ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला.) ओल्या गुळगुळीत दगडावर मात्र सोल घसरतो, तिथे काठी हवीच.

परतल्यावर सेवा केंद्राने वाकलेला हुक ही 'नैसर्गिक झीज' असून वॉरंटीत बसत नाही, असे कळवले, आणि माझ्या दोन सविस्तर ईमेलांना तेच एक वाक्य पुन्हा पाठवले. कोपऱ्यावरच्या चांभाराने तो हुक शंभर रुपयांच्या आत सरळ करून दिला आणि सोबत चपटी नाडी सुचवली. ती घातल्यापासून नाडी रुतत नाही. कंपनीने ती आधीच दिली असती तर माझा निम्मा संताप वाचला असता.

ज्यांना कुमानोची डोंगरवाट पूर्ण चालायची आहे त्यांनी हे बूट घ्यावेत आणि पहिल्याच दिवशी नाडी बदलावी. फक्त मंदिरे आणि त्याच वाटेवरचा होश्शिनमोनपासूनचा शेवटचा सोपा टप्पा करायचा असेल, तर पटकन निघणारे साधे बूट पुरतात. पूर्ण किमतीला मात्र हे कोणीही घेऊ नयेत.